चारीवरचे डबे

म्हाळसाला एका जागी बसवतच नसे. हातात काम नसलं की चुलीपासून गोठ्यात आणि गोठ्यातून अंगणात तिच्या येरझारा चालायच्या. सासरे गेणबा म्हणायचे, "सूनबाईच्या पायाला भिंगरी हाय." पण पाण्याची पाळी आली की तेच तिच्या दुप्पट तळमळायचे.

त्यांचा ऊस सणसरच्या शिवारात, कालव्यातून निघालेल्या चारीच्या पार शेपटाला. कालव्यातून पाणी जोरात सुटलं तरी शेपटाला येईतो त्याची करंगळीएवढी धार उरायची. वाटेत शेजारी अप्पांचं रान लागे. अप्पाच चारी फोडतात, हे गेणबांनी मनाशी पक्कं धरलं होतं. त्यापायी दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नकार्यालाही जाईनाशी झाली होती.

लग्नाआधी म्हाळसानं आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. आता ती बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सर्किटांना डाख लावायची. पाणी नेमकं कुठं कमी होतं, हे घरबसल्या दिसलं तर? हा किडा एकदा डोक्यात शिरल्यावर तिला जेवण गोड लागेना.

त्या वर्षांत गावोगाव एसटीडीचे बूथ निघाले होते. विजेच्या झटक्यानं जळालेली त्यांची बिलाची यंत्रं बारामतीच्या भंगारवाल्याकडं धूळ खात पडलेली असायची. आत लाल आकडे, बटणं आणि सगळा कारभार चालवणारा मायक्रोकंट्रोलर; तो बऱ्याचदा शाबूत निघे. तिनं तीन यंत्रं आणली. मायक्रोकंट्रोलरला हुकूम देणाऱ्या दुसऱ्या चिपला पाठीवर काचेची बारीक खिडकी असे. तिथून कडक ऊन खाल्लं की जुने हुकूम पुसले जायचे. म्हाळसानं त्या चिपा माळवदावर कुरडयांशेजारी मांडल्या.

"ह्या कधी तळायच्या गं?" सासूबाई तानूबाईंनी विचारलं.

पुसलेल्या चिपांवर नवे हुकूम ती कारखान्यातल्या यंत्रावर, साहेबांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत चढवायची. त्या यंत्रांचे तीन डबे झाले: एक चारीच्या तोंडाशी, दुसरा अप्पांच्या रानाच्या खालच्या बांधावर, तिसरा घरात. पाण्याची उंची मोजणाऱ्या सळया, जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, आणि बाभळीबाभळीवरून नवरा कुंडलिकानं ओढलेली टेलिफोनची टाकाऊ तार.

पण डबे एकाच तारेवर एकदम बोलायचे आणि घरातले आकडे वेड्यासारखे नाचायचे. म्हाळसा चिडून येरझारा घालू लागली. गेणबांनी जवानीत मेंढरं राखली होती. ते म्हणाले, "कळपात समदी एकदम ओरडली तर काय कळंल? मी एकीचं नाव घ्यायचो, तीच मान वर करायची."

म्हाळसा थबकली. तिनं डब्यांना नंबर दिले. घरचा डबा एकेकाला हाक मारी. ज्याला हाक, त्यानंच बोलायचं. आकडे स्थिर झाले.

पाणी सुटलं त्या दुपारी सगळे डब्यापुढं बसले. तोंडाशी सात. अप्पांच्या बांधाखाली तीन.

"घावला चोर!" गेणबांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि ते निघालेसुद्धा. कुंडलिक त्यांच्या मागं पळाला. ही काठी आपणच त्यांच्या हातात दिली, एवढंच म्हाळसाच्या मनात येत होतं. ती तशीच अनवाणी धावली.

अप्पा आपल्या लिंबाखाली बसले होते. काठी बघून उठले. "गेणबा, रान बघ माझं. कुठं वल हाय का?"

खरंच, रान भेगाळलं होतं आणि चारीतून रानात पाणी घ्यायचं त्यांचं बारं मातीनं बुजवलेलं होतं.

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?" गेणबा ओरडले.

"मशीन खरं बोलतंय, आबा." म्हाळसाला धाप लागली होती. "पाणी हितंच कमी होतंय. पर कोण नेतंय ते त्याला दिसत न्हाय."

ती चारीत उतरली आणि कडेकडेनं पायानं चाचपत चालू लागली. वर तिघं उभे. एके ठिकाणी पाण्यावरची पानं गोल फिरत होती. तिथं तिचा पाय आत ओढला गेला. खेकड्यांनी काठ पोखरला होता. बांधापलीकडं झुडपांतून पाणी खळाळत ओढ्याला मिळत होतं. किती वर्षांपासून, कुणास ठाऊक.

अप्पा फावडं घेऊन आले. कुंडलिकानं दगड गोळा केले. मग गेणबाही धोतर खोचून चारीत उतरले आणि काठीनं माती बिळात ठासू लागले. अप्पांनी फावड्यावर माती पुढं केली की ती हातानं ओढून घेत होते.

माती घट्ट बसल्यावर अप्पा म्हणाले, "पोरी, माझ्या वस्तीवर बी एक डबा बशीव. समोरून आकडा दिसू दे. उगं कुणी संशय घ्याया नको."

"बशीवते. पण एक ऐका," म्हाळसा गेणबांकडंही बघत म्हणाली. "आकडा उतरला तर आधी चारीत उतरून बघायचं. मग कुणाच्या दारात जायचं."

गेणबांनी चिखलाचा हात धोतराला पुसला. "चल अप्पा," ते म्हणाले, "खालचा काठ बी बघू. तितं बी पोखरलं आसंल."

दोघं काठाकाठानं खाली निघाले.