अष्टमीच्या चौकोनातली फुली

एका सरकारी खात्याच्या पाहणी अधिकाऱ्याने माझ्या चुलत भावाला, हिरामणदादाला, फसवलं. जन्मभर खाडीत मासे धरणाऱ्या माणसाकडून तो मासेमारी करत नाही असं लिहिलेल्या कागदावर सही घेतली. आणि त्या दिवशी दादाच्या हातात पेन दिलं ते मी. दादाला जाऊन सव्वा महिना झाला. 'त्याच्या चांगल्या आठवणी लिही' असं मला दोघातिघांनी सांगितलं. चांगल्या आठवणी पुष्कळ आहेत, पण सगळ्यांवर हा कागद पडलेला आहे. तो बाजूला केल्याशिवाय मला दादा दिसतच नाही...

कामोठ्यात माझं मासळीचं दुकान आहे. त्या सकाळी एक बाई पापलेटच्या भावावरून माझ्याशी भांडत होत्या आणि मी त्यांच्याशी. तेवढ्यात वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, फोन आला. "सुमनबाय, हे गेले गं. जाळं शिवत बसले व्हते, तसेच कलंडले." मी फोन ठेवला. त्या बाई म्हणाल्या, "मग, शेवटचा भाव सांगा." त्या म्हणतील त्या भावाला मी पापलेट देऊन टाकलं आणि शटर ओढलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं मी कधी केलं नव्हतं.

गव्हाणच्या पुढे खाडीकाठी आमचा कोळीवाडा आहे. माझे वडील मी सातवीत असताना गेले. शाळा सोडून डोक्यावर मासळीची पाटी उचलायची वेळ आली, तेव्हा दादा म्हणाला, "धावीपर्यंत शिक, मंग पाटी घे. पाटी कुठं पळून जात नाय." दहावीनंतर पहिली पाटी त्यानेच भरून दिली, कोळंबी आणि बोय. ती घेऊन मी पनवेलच्या बाजारात बसले. दादा स्वतः कधी बाजारात बसला नाही. गिऱ्हाइकाने अर्ध्या भावात मागितलं तर तो देऊन मोकळा व्हायचा. मी मात्र दुसऱ्याच्या काट्यावर कधी विश्वास ठेवला नाही. बर्फवाला लादी टाकून गेला तरी मी ती पुन्हा तोलून घेते. म्हणून तर त्या सहीच्या दिवसाची चीड अजून जात नाही.

आमच्याकडे मासेमारी तारखेवर चालत नाही, तिथीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा खाडीत जाळी लागतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात जाळ्यात काही येत नाही. ते दिवस जाळी वाळवायचे, शिवायचे, होडीची डागडुजी करायचे. दादा दरवर्षी जानेवारीत नवीन कॅलेंडर भिंतीवर लावायचा आणि बसल्या बैठकीला वर्षभराच्या खुणा करायचा. उधाणाच्या दिवसांना निळा गोल, अष्टमीला लाल फुली. वाड्यातले लोक त्याच्या घरी येऊन ते कॅलेंडर बघून जायचे.

खाडीत एका प्रकल्पासाठी भराव पडणार होता. ज्यांची मासेमारी बुडणार, त्यांची यादी करायची होती. यादीत नाव आलं तर मच्छीमार म्हणून हक्क राहणार, होड्या लावायला दुसरीकडे जागा मिळणार. पाहणी अधिकारी जीप घेऊन आले ते नेमके अष्टमीला, ऐन दुपारी. जाळी बांबूंवर वाळत होती, होड्या चिखलात कलंडल्या होत्या. मी त्या दिवशी वाड्यातच होते. त्यांना चहा मीच केला.

"काय, मासेमारी बंद का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आज भांग हाय सायब," दादा म्हणाला. "चार दिसांनी या, खाडीत जागा नाय गावनार."

दादाने त्यांना सगळं समजावलं, दोनदा. घरातून कॅलेंडर आणून दाखवलं. ते मान हलवत लिहीत होते. मग पंचनाम्यावर सही करा म्हणाले. दादाचा चष्मा आत राहिला होता. तो आणायला उठला, तर अधिकारी म्हणाले, अजून तीन गावं करायची आहेत. मी दादाला म्हटलं, "कर ना सही. सायब निघून गेले तर नाव राहील यादीतून." आणि टेबलावरचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं. पापलेटचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय माल न घेणारी मी. कागदावर नजरही फिरवली नाही.

यादी लागली, त्यात आमच्या वाड्यातलं एकही नाव नव्हतं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तेव्हा पंचनाम्याची प्रत हातात आली. 'होड्या किनाऱ्यावर पडून आहेत, जाळी वापरात नाहीत, येथे मासेमारी चालत नाही असे उपस्थितांनी सांगितले.' खाली दादाची सही, ठसठशीत. भांग नाही, तिथी नाही, चार दिवसांनी या म्हणालेलं नाही. दादाने तो कागद चष्मा लावून तीनदा वाचला आणि घडी घालून कॅलेंडरमागे ठेवला. मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

वाड्याच्या वतीने दादाने पनवेलच्या न्यायालयात दावा लावला आणि तो नऊ वर्षं चालला. तारखेला दादा सकाळीच येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा. भर उधाणातली तारीख पडली तरी जाळी सोडून यायचा. साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्याला दुकानात बोलावून घेतलं. म्हटलं, "सरळ सांग, सही माझी नाय. चष्मा नव्हता, घाई केली, कुणी ठोकली माहीत नाय. मोकळा होशील."

"सही माझी हाय," दादा म्हणाला. "लिवलेलं माझं नाय."

"कोर्टात असं चालत नाय दादा. तिथं बोलायला लागतं."

"तू भाव कर बाय. मी साक्ष देतो."

मी चिडले. तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या खरेपणाने सगळा वाडा बुडेल, म्हणाले. तो बर्फाच्या पेटीवर बसून ऐकत राहिला आणि जाताना म्हणाला, "पेन तू दिलंस ते मी कोनाला सांगितलं नाय. उद्या पन नाय सांगनार. पन खोटं नको सांगायला लावू."

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी कागद पुढे धरला. "ही सही तुमची?" "हो जी." "मग मजकूरही तुमचाच." दादा म्हणाला, "सायब, मी चार दिसांनी या म्हनलो व्हतो. ते कुठं हाय यात?" न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी लिहिणं थांबवून भांग म्हणजे काय ते विचारलं. दादा उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोलला. मग त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, मग चार दिवसांनी पुन्हा पाहणी का केली नाही? वकील फाइल चाळायला लागले. दादाचं कॅलेंडर पुरावा म्हणून दाखल झालं. पुढे आलेल्या निकालात स्पष्ट लिहिलं होतं, उधाणाच्या दिवशी, अर्जदाराला हजर ठेवून नव्याने पाहणी करावी. खरं बोलून दावा जिंकता येतो हे मी त्या दिवशी पाहिलं. न्यायालयाबाहेर दादाला म्हटलं, "हरले मी." तो हसला. "वडापाव दे मंग."

निकाल लागला, आणि खरी फसवणूक तिथून सुरू झाली. खात्याने मुदत मागितली, पुन्हा मागितली. अधिकारी बदलले. भराव मात्र थांबला नाही, अर्धी खाडी मातीखाली गेली. दादा दर महिन्याला निळ्या गोलांच्या तारखा कागदावर उतरवून कार्यालयात देऊन यायचा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा. त्या प्रतींचा गठ्ठा वहिनीने मला दाखवला. पहिल्या कागदावरचं दादाचं अक्षर सरळ होतं. शेवटच्या काहींवर ते थरथरलेलं आहे...

दादाच्या बाराव्याला टपाल आलं. श्री. हिरामण यांस, नव्याने पाहणीसाठी अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून प्रकरण बंद करण्यात येईल. वहिनीने पत्र माझ्या हातात दिलं. मी उठून भिंतीशी गेले. पुढच्या महिन्याचं पान उलटलं. त्या तारखेच्या चौकोनात लाल फुली होती. अष्टमी.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून कार्यालयात गेले. कारकून म्हणाले, "मॅडम, तारीख साहेबांच्या सोयीने पडते."

"कोणते साहेब?"

"ते फाइलवर आहे."

"दाखवा."

"अर्ज करा."

"त्या दिवशी अष्टमी आहे."

"उपास आहे का तुमचा?" ते म्हणाले, आणि शेजारच्या टेबलावरचे हसले.

मी तिथे आवाज चढवला, ते लिहिण्यासारखं नाही. मग बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. अर्जदार वारले आहेत, त्यांच्या पत्नीला हजर राहू द्यावे, आणि निकालात सांगितल्याप्रमाणे उधाणाची तारीख द्यावी. पोचपावती घेतली. उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर त्या दिवशी मी आणि वहिनी खाडीवर उभ्या राहणार आहोत. जाळी वाळत असतील, होड्या चिखलात असतील. चहा होणार नाही. कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे, मग साहेबांना कितीही गावं करायची असोत.

ते कॅलेंडर वहिनीने काढलेलं नाही. दादाने जानेवारीत डिसेंबरपर्यंतच्या खुणा करून ठेवल्यात, वाड्यातले लोक अजून बघायला येतात. त्या लाल फुलीवर बोट ठेवून मी त्या खात्याला विचारते आहे: निकाल तुमच्या हातात होता. दादाने दिलेल्या उधाणाच्या तारखा तुमच्या फाइलमध्ये होत्या, महिन्यामागून महिना. तरीही पुन्हा अष्टमीच कोणी निवडली? त्या माणसाचं नाव आणि हुद्दा मला लेखी हवा आहे. आणि उत्तराच्या खाली सही हवी, त्याची स्वतःची. आमच्या माणसाने आपल्या सहीची जबाबदारी भर न्यायालयात घेतली होती.