दादाजींचा शिरा

मी आयुष्यात एकदाच तंबाखू खाल्ली, तीही साजूक तुपातली.

हे कबूल करणं माझ्यासाठी किती लाजिरवाणं आहे, ते चाकणला आमच्या कंपनीत कुणालाही विचारा. क्वालिटीचं काम सांभाळून ‘तंबाखूमुक्त कारखाना’ समितीचा अध्यक्ष मीच. (निवडणूक वगैरे झाली नव्हती. मी मीटिंगला उशिरा पोहोचलो, तोवर सगळ्यांनी माझं नाव लिहून टाकलं होतं!) पण एकदा काम अंगावर घेतलं की मी बापाचंही ऐकत नाही. शिफ्ट सुरू होताना गेटवर उभं राहून भल्याभल्यांच्या पुड्या आणि चुन्याच्या डब्या मी काढून घेतल्या आहेत. “साळुंखे साहेब, एवढी एक चिमूट राहू द्या की राव!” म्हणत माणसं हात जोडतात. मी नाही म्हणजे नाही!

माझा दुसरा अभिमान म्हणजे माझं हिंदी. लाइनवरची निम्मी माणसं यूपी-बिहारची. पंचवीस वर्षं त्यांच्याशी बोलून मी आता स्वप्नसुद्धा हिंदीत पाहू शकतो, असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, मत वेगळं आहे. “तुमचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेपटीला ‘है’ बांधलेलं,” असं ती चारचौघांत म्हणते. मी तिकडे लक्ष देत नाही.

तर आमची मुग्धा वाकडला नोकरीला. तिथंच तिची निशांतशी ओळख झाली. मुलगा हरियाणाचा, हुशार, हसरा, आणि मुख्य म्हणजे तिच्या चिडण्याला न घाबरणारा. आमची काहीच हरकत नव्हती. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द आजोबांचा, म्हणजे दादाजींचा. ते स्वतः चिंचवडला येऊन आमचं घर बघणार, माणसं जोखणार आणि मगच बोलणार होते. दादाजी ‘हो’ म्हणाले तर लग्न, नाही तर विषय संपला.

“बाबा, एकच विनंती आहे,” मुग्धा म्हणाली. “त्यांच्याशी हिंदीत बोलू नका.”

“मग काय इंग्रजीत बोलू?”

“नुसतं हसा. प्लीज!”

हे म्हणताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी गेटवर धरला होता, अगदी तसाच. त्या क्षणी ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, म्हाताऱ्याला खूश करून पाठवायचं.

शनिवारी सकाळी निशांत दादाजींना स्टेशनवरून घेऊन आला. सहा फूट उंची, पांढरं पागोटं, मिशा अशा की कपडे वाळत घालावेत. आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं काहीतरी. चादर सोडली तर आत गुडगुडी! पितळी, नक्षीदार, लांब नळीची. तंबाखूमुक्त समितीच्या अध्यक्षाच्या दिवाणखान्यात हुक्का! सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी नुसता हसलो. (मुग्धाची सूचना मी पहिली पाच मिनिटं तंतोतंत पाळली, याची नोंद व्हावी.)

हुक्क्याला कोळसा हवा. आमच्याकडे गॅस. सोसायटीच्या मागच्या इस्त्रीवाल्याकडे मिळेल म्हणून मुग्धा आणि निशांत दोघंही बाहेर पडले. दारातून जाताना मुग्धानं मला डोळे वटारून पुन्हा आठवण करून दिली.

दोघं गेली आणि दादाजींनी तंबाखूची थैली उघडली. चिमूट घेऊन चुरडली तर तिचा भुगा झाला.

“भाई, गाडी के एसी नै सारा तंबाकू सुखा दिया,” ते हळहळले. “इसमैं थोडा शीरा मिलाणा पडैगा. म्हारी शीशी तो गाम में रह गी. थारे घर में शीरा सै के?”

(शिरा शिशीत कसा राहील, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.)

“है क्या मतलब, दादाजी!” मी छाती पुढे काढली. “हमारे घर का शिरा ऐसा होता है, लोग उंगलियां चाटते है!”

“बालक तो चाट ही लिया करैं,” दादाजी हसून म्हणाले.

“कैसा करने का? केला डालके? पायनॅपल डालके?”

दादाजींनी तोंड वाकडं केलं. “वो तो शहर के छोरे डालैं सैं फल-फूल. हम तो सादे आदमी. गुड का होणा चाहिए. काला, गाढा. अर जितना पुराना, उतना बढिया!”

मी स्वयंपाकघरात धावलो.

“सुनंदा, शिरा टाक! गुळाचा. रवा काळा होईपर्यंत भाज. आणि शिळा असेल तर उत्तम म्हणतायत.”

“शिळा शिरा? पाहुण्यांना?”

“खायला नाही गं. गुडगुडीत घालायला!”

सुनंदाच्या हातातला झारा तसाच राहिला. “अहो, गुडगुडीत शिरा? नळी तुंबेल ना!”

“नळीत नाही, चिलमीत. तंबाखूत कालवून. त्यांच्याकडची पद्धत आहे.”

“नीट ऐकलंत का? मुग्धाला फोन करून विचारू?”

“काही गरज नाही! माझं हिंदी काय गोट्या खेळून पक्कं झालंय?”

बिचारीनं कपाळाला हात लावला आणि कढई चढवली. रवा करपल्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. गूळ घातला, तूप घातलं. मी आग्रह करून काजू आणि बेदाणेही घालायला लावले, कारण पाहुण्याच्या हुक्क्यात आपण हात आखडता घेतला असं नको व्हायला. मग दादाजींकडून दोन मुठी तंबाखू मागून आणली, बाह्या सरसावल्या आणि शिऱ्यात मळायला बसलो. गेटवर चिमूटभरासाठी लोकांना रडवणारा मी, कोपरापर्यंत तंबाखूत! डोळ्यांत पाणी आलं, पण लेकीसाठी बाप काय नाही करत? छान वाटीची मूद पाडली, वर एक अख्खा काजू टोचला आणि चांदीच्या ताटलीतून दादाजींपुढे नेली.

“लीजिए दादाजी. आपका शिरा!”

दादाजी त्या मुदीकडे बघत राहिले. मग काजूकडे. मग माझ्याकडे. (दिलेली तंबाखू आत वेगळी मळून ठेवली असेल, अशी त्यांची समजूत. आणि तिचा वास त्यांना कसा येणार? पन्नास वर्षं तोच वास त्यांच्या मिशांत मुक्कामाला होता.) हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

“अच्छा! तो थमनै मुंह मीठा कराण की सोच राखी सै!” त्यांचे डोळे पाणावले. “मैं तो एक दिन रुककै बोलता. पर जब थम इतने मन तै ल्याए हो, तो ठीक सै. म्हारी तरफ तै हां! छोरी आज तै म्हारी!”

आणि मुदीचा चांगला लिंबाएवढा गोळा तोडून त्यांनी माझ्या तोंडापाशी आणला.

“ले समधी! पहला तू!”

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदानं तोंडावर हात धरला. मला तिचे डोळे दिसत होते आणि त्या गोळ्यात उभा राहिलेला तंबाखूचा देठही दिसत होता. हा घास म्हणजे मुग्धाचं लग्न होतं. नाकारला तर अपशकुन, थुंकला तर अपमान. मी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि आ केला.

काय सांगू! आधी गूळ लागला, मग तूप, मग कान पेटले. बेदाणा तेवढा शेवटपर्यंत चांगला वागला. घशाखाली गोळा उतरला तसा पंखा जागच्या जागी राहिला आणि दिवाणखाना फिरायला लागला. त्यात सुरू झाली उचकी. तरी मी हसत होतो! मुग्धानं सांगितलंच होतं, नुसतं हसा.

एवढ्यात दादाजींनी दुसरा गोळा तोडला आणि तो स्वतःच्या तोंडाकडे न्यायला लागले. ऐंशीच्या पुढचा माणूस! मी झेप घेतली, त्यांच्या हातातला घास उडवला आणि ताटली हिसकावली.

“मत खाव! हिक्! दादाजी, मत… हिक्… उसमें जहर है!”

पंचवीस वर्षांच्या हिंदीतून मला ऐनवेळी तेवढाच एक शब्द सापडला.

“जहर?” दादाजी ताडकन उभे राहिले. मिशा थरथरत होत्या. “समधी के हाथ तै थाली खोसै सै? अर कहवै सै मिठाई में जहर? रिश्ता करै सै के मजाक करै सै?”

“नहीं, नहीं! जहर मतलब… हिक्… थोडासाच!”

दादाजींनी चादर झटकली आणि हुक्का गुंडाळायला घेतला. मी त्यांना अडवायला उठलो आणि सोफ्यावर न बसता त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. नेमकी तेव्हाच मुग्धा आणि निशांत कोळशाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

“बाबा!” मुग्धा किंचाळली. “तुम्ही हिंदीत बोललात ना?”

मी मान खाली घातली. सुनंदानं एका दमात सगळं मराठीत सांगितलं, मुग्धानं ते रडवेल्या आवाजात हिंदीत सांगितलं. ऐकता ऐकता निशांतनं डोकं धरलं.

“आंटी, शीरा मतलब सूजीवाला नहीं! गुड बनाते समय जो गाढा काला रस रहता है ना, चिपचिपा, बोतल में भरते हैं…”

“अगं बाई, काकवी!” सुनंदा ओरडली. “मग सरळ काकवी म्हणायचं की!”

तिच्या माहेरची, कराडकडची काकवीची बाटली फडताळात सहा महिने पडून होती. तिनं ती आणून दादाजींसमोर धरली. दादाजींनी बूच काढलं, हुंगलं, बोटावर एक थेंब घेतला.

“हां. यो सै शीरा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तन्नै बेरा था, उस गोळे में तंबाकू सै?”

“मालूम था.”

“फेर निगल क्यूं गया?”

“आपने हां बोला था, दादाजी,” मी उचकी आवरत म्हणालो. “मैं थूकता, तो बेटी का क्या होता?”

माझ्या हिंदीतलं हे एकच वाक्य मुग्धानं आजवर दुरुस्त केलेलं नाही. ती माझ्याजवळ खाली बसली आणि ओढणीनं माझं तोंड पुसत रडायला लागली.

दादाजींनी चादर बाजूला फेकली. “छोरी, रो मत! जो बाप तेरे खातर यो निगल ग्या, उस घर तै रिश्ता न जोडूं तो किसतै जोडूं?” आणि मग ते असे हसले की हुक्क्यातलं पाणी हललं. पुढचा तासभर ते काकवी मळलेली तंबाखू गुडगुडत होते आणि मी बेसिनपाशी होतो.

लग्न थाटात झालं. पंगतीत शिरा होता. वरपक्षाच्या एकूण एक माणसानं तो आधी हुंगला, मग माझ्याकडे बघितलं आणि मगच खाल्ला.

पण खरी पंचाईत झाली ती कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत. फॉर्मवर प्रश्न होता, ‘तंबाखू कधी घेतली आहे का?’ खोटं लिहिणार कसं? अध्यक्ष मी! ‘हो’वर खूण केली. पुढे पर्याय होते: विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. नर्सबाईंनी फॉर्म वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“साळुंखे साहेब, ‘इतर’च्या पुढे हे काय लिहिलंय? ‘एकदाच. काजू-बेदाणे घालून’?”