कागदाची पाठ वाचणारे शिरस्तेदार

एम.ए.च्या परीक्षेचा फॉर्म मी केळ्यांच्या हाऱ्यात घालून मुंबईला पाठवला. फॉर्म पोचवायची शेवटची तारीख शनिवार होती. केळी शनिवारी पोचली. फॉर्म मंगळवारी परत घरी आला.

वसई तालुक्यातल्या आमच्या नंदाखालकडे तेव्हा यात कुणाला फारसं वावगं वाटलं नसतं. मुंबईला काहीही धाडायचं झालं की ते हाऱ्यातूनच जायचं. हारा म्हणजे माल न्यायची मोठी टोपली. मुलीच्या सासरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, गिरणीतल्या भावाला चिठ्ठी, कुणाचा दुरुस्तीचा चष्मा, सगळं तिच्या तळाशी, वाळक्या केळीच्या पानांच्या थराखाली. पहाटेच्या गाडीने बाया दादरला उतरायच्या आणि ज्याचं त्याला बिनबोभाट मिळायचं. विद्यापीठाचा फॉर्म तेवढा या रस्त्याने कुणी पाठवला नव्हता. तो मान माझा.

मी स्वतः जाऊ शकलो असतो. पण शनिवारी गावच्या नाटकाची तालीम होती आणि मला त्यात पहारेकऱ्याचं काम होतं. "कोण आहे तिकडे?" आणि "जशी आज्ञा!" अशी दोन वाक्यं. त्यांची तालीम चुकू नये म्हणून मी फॉर्म गोमूमावशीच्या हाऱ्यात ठेवला. गोमूमावशी खाडीकाठच्या गावची, आमच्या बागेतला माल विकायला नेणारी. दादरला राहणाऱ्या मित्राला मी कार्ड टाकलं, की शनिवारी बाजारात मावशीला गाठ, फॉर्म घे आणि विद्यापीठात दे. कार्ड त्याला सोमवारी मिळालं. तोवर मावशीने केळी हाऱ्यासकट एका दुकानदाराला देऊन टाकली होती. रिकामा हारा मंगळवारी आला, त्याच्या तळाशी फॉर्म होता, आणि फॉर्मच्या कोपऱ्यावर केळीचा चीक वाळून काळा झाला होता. केळीच्या चिकाचा डाग धोतर फाटेपर्यंत टिकतो.

"मावशी, मित्र येईल म्हणून सांगितलं होतं ना?"

"कोनी आला नाय तुजा मित्र," मावशी म्हणाली. "केली इकायला नेली व्हती, केली इकली. कागद इकायचा व्हता तर तसा सांगायचास."

वडिलांनी मला एम.ए.साठी दोन वर्षं दिली होती आणि ती संपत आली होती. "तिसरं वर्ष बागेचं," असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, आणि ते एकच गोष्ट दोनदा सांगत नसत. बाग म्हणजे रहाटाला जुंपलेल्या रेड्यामागे फिरणं आणि पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवणं. मी त्या कामाला नावं ठेवत नाही. माझे दोघे भाऊ ते उत्तम करत. मला एकदा रहाटावर बसवलं, तर मी पुस्तक वाचत राहिलो आणि रेडा केव्हाच थांबला आहे हे पाट सुकल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी परीक्षेला बसणं ही बागेचीही गरज होती.

आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "यांच्या कानावर जायच्या आत वसईला जा. शिरस्तेदारांना भेट."

शिरस्तेदार म्हणजे वसईच्या कोर्टातून निवृत्त झालेले मोठे कारकून. त्यांचं नाव काय होतं ते मला ते गेल्यावरच कळलं. सगळी वसई त्यांना शिरस्तेदार म्हणायची. त्यांची बायकोही, "शिरस्तेदार आंघोळीला गेलेत, बसा," असंच सांगायची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण अख्ख्या तालुक्यातले अर्ज त्यांच्या ओटीवरून जात. कुणाचा वारसाचा, कुणाचा विहिरीचा, कुणाचा पोराच्या शाळेच्या दाखल्याचा. बदल्यात ते कुणाकडून काही घेत नसत. फक्त कागद अर्जदाराने आणायचा, आणि नकलेसाठी एक जास्तीचा आणायचा.

मी सायकल मारत पोचलो तेव्हा त्यांच्या हातात एक लग्नपत्रिका होती. ती त्यांनी उलटी केली होती आणि कोरी पाठ चष्म्याजवळ धरून ते निरखत होते.

"मागे काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे अट नाही. लग्नाला जायला हरकत नाही."

ही त्यांची जन्माची सवय. छापील कागद हातात आला की आधी पाठ वाचायची. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो की देवळाच्या वर्गणीची पावती. "कागदाचं तोंड सगळ्यांशी गोड बोलतं," ते म्हणायचे. "त्याच्या मनात काय आहे ते पाठीवर असतं."

"अर्जदार कोण?" त्यांनी विचारलं. ओटीवर आम्ही दोघेच होतो. तरी मी म्हटलं, "मी." त्या दिवसापासून ते गेले तोवर मी त्यांच्यासाठी अर्जदारच राहिलो. पुढे घरी जेवायला बसवलं तरी, "अर्जदारांना आमटी वाढा."

मी अर्ज लिहूनच नेला होता. इंग्रजीत, दोन पानं. त्यात माझी आई अत्यवस्थ होती, मी तिच्या उशाशी बसून होतो, आणि शेवटच्या परिच्छेदात तर माझे डोळेही पाणावले होते. शिरस्तेदारांनी तो सवयीप्रमाणे शेवटापासून वाचला.

"आई आजारी आहे?"

"नाही. म्हणजे तशी नाही."

"मग तिला उगाच आजारी पाडू नकोस. पुढं कधी खरंच पडली, तर काय लिहिशील?"

त्यांनी फॉर्म मागितला, उलटा केला, आणि बारीक अक्षरातल्या ओळींवरून पेन्सिल फिरवत खाली आले. ते अक्षर इतकं बारीक होतं, की ती नक्षी आहे अशी माझी समजूत होती. कलम नऊच्या ओळीवर पेन्सिल थांबली. फी जर मुदतीच्या आत भरली असेल, तर सबळ कारण नोंदवून घेऊन अधिकाऱ्यांना पुढचे दहा दिवस फॉर्म स्वीकारता येईल, असा तिचा अर्थ होता. फी मी महिन्यापूर्वीच भरली होती. पावती खिशात होती.

"वाचलं नव्हतंस?"

"पुढची बाजू वाचली होती."

"एम.ए. कशात करतोयस?"

"मराठी साहित्यात."

"हं," ते म्हणाले, आणि कोरा कागद पुढे केला. "लिही. अर्जात तीन वाक्यं. काय झालं, कुठलं कलम, काय हवं. रडायचं नाही. आपण रडलो की वाचणाऱ्याला वाटतं, आता आपण दया करायची. आपल्याला दया नको, कलम नऊ हवंय."

मी लिहिलं, 'शेतमालाच्या वाहतुकीत उद्भवलेल्या अनपेक्षित अडचणीमुळे.'

"अडचण कुणाची? केळ्यांची?"

"नाही."

"केळी पोचली ना? मग खरं लिही."

"शिरस्तेदार, हसतील हो सगळे."

"हसू देत. हसणारा माणूस कागद शेवटपर्यंत वाचतो."

मी खरं लिहिलं. फॉर्म मी स्वतः न नेता केळ्यांच्या टोपलीतून पाठवला, त्यामुळे तो मुदतीत पोचला नाही आणि त्यावर डाग पडला. लिहिताना माझे कान तापले होते. मग त्यांनी नक्कल करायला लावली. तिच्यात एक शब्द खोडला गेला, तर तीही पुन्हा. "खोडलेली नक्कल म्हणजे दुसरा अर्ज," हे त्यांचं आणखी एक वाक्य. नक्कल त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर मुंबईला आले. काळा कोट, छत्री, खिशात दोन टाक. टांग्यात बसताना त्यांनी ताकीद दिली, "कारकुनाला काही द्यायचं नाही. दिलंस तर आपला हक्क जातो आणि त्याची मेहरबानी होते." मी मान डोलावली. माझ्या पिशवीत आईने दिलेला सुकेळ्यांचा पुडा होता, तो कशासाठी होता ते मी बोललो नाही.

विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण कारकून होता. फीची पावती काढायला मी पिशवीत हात घातला, आणि आधी बाहेर आला तो पुडा. थेट त्याच्या वहीवर. कारकुनाने पुड्याकडे पाहिलं. मी शिरस्तेदारांकडे पाहिलं. शिरस्तेदारांनी शांतपणे पुडा उचलला, वाळकी पानं सोडली, एक सुकेळं स्वतः तोंडात टाकलं आणि एक माझ्या हातावर ठेवलं.

"खा. प्रवासाचं खाणं इथेच संपवू."

पुडा संपेपर्यंत आम्ही खिडकीसमोर उभे राहून खात होतो. मागच्या रांगेतले उमेदवार बघत होते. आयुष्यात मला सुकेळी इतकी बेचव कधी लागली नाहीत.

मग शिरस्तेदारांनी हात पुसून कागद पुढे सरकवले.

"मुदत संपली," कारकून म्हणाला.

"हो. शनिवारी."

"मग?"

"मग नाही म्हणा."

"म्हटलं की!"

"तोंडानं म्हटलंत. अर्जाखाली लिहा. दोन शब्द, सही, तारीख. आम्ही लगेच निघतो."

कारकुनाने टाक उचलला. दौतीत बुडवला. अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि टाक खाली ठेवला. 'नाही' म्हणायला त्याला एरवी काही लागत नसावं, पण लिहायला ते जड जातंय हे दिसत होतं.

"फॉर्मही खराब झालाय," तो म्हणाला.

"उमेदवाराचं नाव वाचता येतं?"

"येतं."

"विषय?"

"येतो."

"मग वाचता येत नाही तो फक्त डाग. तो काय आहे, ते अर्जात लिहिलंय."

कारकून कागद घेऊन आत गेला. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला, आधी एकाचा, मग चौघापाचांचा. मी छताकडे बघत राहिलो. मला आत बोलावलं तेव्हा तिथले अधिकारी फॉर्मची मागची बाजू वाचत होते. म्हणजे त्यांनीही ती बहुधा पहिल्यांदाच वाचली असावी.

"हे टोपलीचं खरं आहे?"

"हो साहेब."

"स्वतः का आला नाहीत?"

मी नाटकाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नायक?" मी म्हटलं, "पहारेकरी." त्यांनी कारण नोंदवून सही केली.

बाहेर आलो तेव्हा मला शिरस्तेदारांच्या पाया पडायचं होतं. ते फॉर्म मिळाल्याची पावती उलटी करून तिची पाठ वाचत होते. "पोच मिळाली," एवढंच म्हणाले. परतीच्या वाटेवर अख्खा वेळ ते झोपले.

परीक्षेच्या आधी प्रवेशपत्र दाखवायला गेलो, तेव्हा मी त्याच्या मागच्या बाजूचे सगळे नियम पाठ म्हणून दाखवले. शिरस्तेदार खूश झाले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. पण शिकवलेलं डोक्यात शिरलं की ते तिथून खाली उतरू द्यायचं नाही, हा माझा स्वभाव. पहिल्या पेपरला प्रश्नपत्रिका हातात आली आणि मी ती उलटी केली. मागे दुसरा विभाग होता. चार प्रश्न, कोणतेही दोन. मी ते दोन असे रंगवून लिहिले, की निम्म्याहून जास्त वेळ त्यांतच गेला. पाणी प्यायला म्हणून मान वर केली, वाऱ्याने कागद पालटला, आणि पुढची बाजू दिसली. पहिला विभाग, सर्व प्रश्न आवश्यक.

पुढच्या तासाभरात मी काय लिहिलं ते मला आजही माहीत नाही. तपासणाऱ्यालाही नीटसं कळलं नसावं. मी पास झालो, तिसऱ्या वर्गात. वडील म्हणाले, "पास ना? मग झालं," आणि रहाटावर गेले. भावांनी समाधानाचा सुस्कारा सोडला.

मी वसईला निकाल सांगायला गेलो, आणि निकालापेक्षा गाऱ्हाणं मोठं करून सांगितलं. "तुम्हीच म्हणालात ना, मागून वाच!"

"मागून सुरू कर म्हणालो होतो, अर्जदार. मागेच मुक्काम कर म्हणालो नव्हतो."

पुढे मी वसईतच शाळेत लागलो. पोरांच्या फॉर्मांवर सह्या करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचतो, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की आधी ते लिहून पाहतो. पुष्कळदा लिहिता येत नाही. मग पोराला परीक्षेला बसू देतो.

शिरस्तेदार थकत गेले, नजर गेली. मग मी त्यांना कागद वाचून दाखवायचो आणि ते विचारायचे, "मागे काय आहे?" एका सकाळी निरोप आला. मी पोचलो तेव्हा ओटी माणसांनी भरली होती, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी अर्जदार होता.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतलं. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं त्यांनी समोर मांडली होती. "ज्याची नक्कल त्याला द्या, असं सांगून गेलेत," त्या म्हणाल्या, आणि माझा कागद माझ्या हातात ठेवला. तीच तीन वाक्यं, माझ्या अक्षरात. मी ती वाचली, कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"मागचं वाचलंस?"

मी कागद पुन्हा काढला आणि उलटा केला. पाठीवर, कोपऱ्यात, शिरस्तेदारांचं मोत्यासारखं अक्षर होतं. खाली सही आणि अर्ज लिहिला त्या दिवसाची तारीख.

"काय लिहिलंय? मोठ्यानं वाच की," काकू म्हणाल्या.

मी घसा खाकरून वाचलं, "कारण तपासले. अर्जदार मूर्ख आहे, खोटा नाही."

काकूंनी उरलेली दप्तरं पुन्हा फडक्यात बांधायला घेतली.

"पहिलं अख्ख्या वसईला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं लिहून ठेवलं ते बरं केलं, नाहीतर कुणाला पटलं नसतं."