उलटी लेबलं

माळा आवरताना सतीशनं भरून दिलेली कॅसेट सापडली. डबी उघडली आणि वर्तकनगरच्या त्याच्या खोलीतला गरम प्लॅस्टिकचा वास आला. एका बाजूला आमच्या लाडक्या इंग्रजी बँडचा न ऐकलेला अल्बम, दुसरीकडे तसंच गाणारे कुणी दुसरे. लेबलं त्याच्याच अक्षरात. "दोन्ही पूर्ण ऐक आणि सांग, भारी कोण?" तो म्हणालेला.

आठवड्यानं मी ऐटीत सांगितलं, "दुसरे नुसते नकलाकार आहेत रे. भंगार!" तो इतका हसत सुटला, की मी चिडून निघून आलो. बोलणंच टाकलं. दोन महिन्यांत कावीळ होऊन तो गेला.

आज जुन्या टेपवर ती "भंगार" बाजू लावली. तेव्हा मी ती अर्धीच ऐकलेली. शेवटचं गाणं संपलं, थोडी खरखर झाली आणि सतीश बोलला, हसू दाबत. "विज्या, लेबलं मुद्दाम उलटी लावलीत. हेच आपले! आता पळत ये, चहा टाकायला सांगतो."

मागून त्याच्या आईचा आवाज आला, "कोण येतंय रे?"

"विज्या गं. येईलच आता."