ओट्यापाशी उभी राहिलेली वहिनी

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळी दादाचा फोन आला, "वहिनी गेली रे तुझी. झोपेतच... काल रात्रीचा स्वयंपाकही तिनंच केला होता." रडता रडता हे शेवटचं वाक्य त्यानं चक्क अभिमानानं सांगितलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी दादाची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि विद्याधर नगरात घर लावून होतंय तोच सुमनवहिनीचा उजवा पाय बधिर झाला, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिसचं. मज्जातंतूंवरचं आवरण शरीर आपणच पोखरतं, असा हा हट्टी आजार. वय चाळिशीच्या आतलं. दादानं कुठे काय वाचलं कोण जाणे, घरातून तूप, तेल, दाणे, खोबरं सगळं हद्दपार केलं आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्या काळातली त्याची आमटी मी खाल्लीये, फार बोलत नाही. वहिनी मात्र वाळत चालली. तपासणीच्या वेळी मी सोबत होतो. ती म्हणाली, "डॉक्टर, मला माझ्या ओट्यापाशी उभं राहायचंय. बाकी काही नको."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, औषध सोडायचं नाही. आहारानं हा आजार बरा होतो असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, संशोधन अजून पक्कं नाही. पण मेद म्हणजे शत्रू नव्हे, ते आवरणसुद्धा बरंचसं मेदाचंच असतं. तूप-लोणी बेतानं, आणि जवस, अक्रोड यांतली मेदाम्लं पोटात जाऊ द्या. "जवस?" आमची लातूरची वहिनी उसळलीच, "अहो, त्या चटणीवर तर वाढले मी!" मग तिनं दादाकडे असं पाहिलं की त्याची सद्दी तिथंच संपली.

शेजारच्या कमलाजींच्या कानावर 'अलसी', म्हणजे आपले जवस, एवढंच गेलं. दुसऱ्या दिवशी डबाभर अलसीचे लाडू हजर, तुपात न्हालेले. "भाभीजी, आपके लिए घी डबल डाला है!" दादा पांढराफटक. वहिनीनं एक लाडू मिटक्या मारत खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी भिंत धरत धरत कमलाजींच्या स्वयंपाकघरात पोचली. तिथं उभं राहून तिनं जवस भाजले, लसूण-मिरची घालून कुटले, आणि बाटीवर चटणी ठेवून म्हणाली, "कमलाजी, अब मेरी मनुहार!" आग्रहाला आग्रहानं उत्तर. त्या थंडीत त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतून जवस भाजल्याचा वास येत होता.

आजार पुन्हा पुन्हा उलटला. एकदा तर महिनाभर अंथरूण. पण प्रत्येक वेळी ती उठून ओट्यापाशी आली. चटणीनं पाय परत दिले असं ती कधीच म्हणाली नाही. "इंजेक्शनांचं श्रेय चटणीला कशाला? पण काय खायचं ते माझ्या हातात आहे ना, मग तेवढं मी सोडणार नाही," म्हणायची. मला तिचा फार, फार अभिमान वाटतो.

तिच्या ओट्यापाशी एक उंच स्टूल आहे. तिला बसून स्वयंपाक करता यावा म्हणून आजाराच्या सुरुवातीलाच दादानं सुताराकडून करून घेतलेलं. इतकी वर्षं त्यावर ती पिठाचा डबा ठेवायची. परवा गेलो तर डबा खाली होता आणि दादा स्टुलावर बसून पोळ्या लाटत होता.

"उभा राहा की जरा," मी चिडवलं.

"नाही रे जमत," तो म्हणाला, "पाय दुखतात. तिला कसं जमायचं..."