मागचा पाय

आमचे आप्पा बोलता बोलता एकदम पुढे झेपावायचे. काठीचं टोक समोरच्याच्या छातीपासून वीतभर अलीकडे थांबायचं आणि आप्पा ओरडायचे, "लंज!" पाहुण्याच्या हातातला चहा सांडायचा, काकू कपाळाला हात लावायची. माझ्या या थोरल्या चुलत्यांची सगळी नोकरी पलटणीत, नव्या जवानांना संगीन चालवायला शिकवण्यात गेली. कराडजवळच्या आमच्या गावी परतले ते हा एक इंग्रजी शब्द घेऊन. गावानं त्यांचं नावच लंज आप्पा पाडलं.

एवढे झेपावून त्यांचा तोल मात्र कधी गेला नाही. "पुढला पाय कुटंबी जाऊ दे," ते सांगायचे, "मागला जाग्यावर पायजे. त्यो उचलला की परत येणं न्हाई." हे त्यांनी एकदा बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवालाही ऐकवलं होतं.

मी सांगलीला कॉलेजात इंग्रजी शिकवते. एका दिवाळीत आप्पा म्हणाले, "एवढी शिकलीस, ह्या शब्दाचं मूळ सांग बघू." मी कोश चाळून सांगितलं, की शब्द तलवारबाजांनी फ्रेंचमधून आणलाय, आणि मूळ अर्थ लांब करणं, लांबवणं. आप्पा हरखलेच. "म्हंजी उडी न्हवंच ती! जाग्यावरनं लांब व्हायचं. मी काय सांगत हुतो?" त्यानंतर ताटावरून मीठसुद्धा ते मागायचे नाहीत, लांब होऊन घ्यायचे.

गेल्या उसाच्या हंगामात मात्र हसणं आटलं. आधी आमच्या वस्तीवरचा कुत्रा गेला. साखळीला नुसता पट्टा उरला. मग पाटाच्या चिखलात पंजे उमटले. अंधार पडला की बिबट्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'त्यो' म्हणत. वारा नसताना उसाचं पाचट वाजलं की माझ्या अंगावर काटा यायचा. आप्पा बांधावर उभे राहून ऐकत राहायचे. "त्यो बी लंजच करतोय," एकदा हळू म्हणाले, "पर त्येचं चारी पाय सुटत्यात."

ऊसतोड आली तेव्हा मजुरांच्या टोळीला त्यांची एकच ताकीद होती. "तीन अंगानं तोडा. वड्याचं अंग मोकळं ठिवा. जनावराला वाट पायजे." आमच्याकडची ही जुनी रीत. फड आटत जातो तसं आत लपलेलं सगळं शेवटच्या तुकड्यात गोळा होतं.

तो शेवटचा तुकडा उरला त्या दिवशी मी गावीच होते. दुपारी आप्पांना जेवायला बोलावून आणलं, तेवढ्यात इकडे फडावर ट्रॅक्टर आला. भरायला सोपं म्हणून ड्रायव्हरनं ट्रॉली नेमकी ओढ्याच्या अंगाला आडवी लावली. जायला वाट उरली ती ट्रॉली आणि एका बाभळीच्या मधली, आणि त्याच बाभळीला टोळीतल्या बाईनं लेकराची झोळी बांधलेली. आम्ही परतलो आणि आप्पा जागीच थबकले.

"आरं, वाट बंद केली रं! झोळी काढा आदी, झोळी!"

लेकराची आई मोळी टाकून धावली. तेवढ्यात ऊस हलला आणि पिवळं काहीतरी सरळ बाभळीकडे निघालं. आप्पा काठी रोखून झेपावले. काठी पोचली नाही. मग ते धावले, म्हातारे, गुडघे गेलेले आप्पा, आणि झोळीवर आडवे पडले.

बिबट्यानं आप्पांवर पंजा मारला आणि ओढ्याकडे निसटला. लेकराला ओरखडाही आला नाही. आप्पांना कराडच्या दवाखान्यात नेलं. जखम मानेची होती. संध्याकाळी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पोचत न्हवतं, बाय," ते म्हणाले. "मागला पाय उचलला मी." काही चुकल्यासारखा चेहरा केला होता त्यांनी.

"बरं केलंत, आप्पा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पा गेले. टोळी पुढच्या गावाला निघाली तेव्हा ती बाई दारात आली. तिनं लेकरू काकूच्या मांडीवर ठेवलं. लेकरानं कोपऱ्यातल्या आप्पांच्या काठीकडे हात लांब केला, आणि तेव्हा कुठे काकू मोठ्यानं रडली.