टाचेची हाडं

वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी हाडांची पेटी सुट्टीत घरी कडावला आणली होती. आईनं ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मग गोठ्यामागच्या पेंढ्यावर पडून माझा अभ्यास चालायचा. खांद्याचं पातळ हाड उन्हासमोर धरलं की त्यातून केशरी उजेड झिरपायचा, आणि त्याच्याकडे बघता बघता माझा डोळा लागायचा. हे कुणाचं असेल, असं झोपेत शिरताना मनात येई आणि तिथंच विरून जाई.

पुढे कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलो. एका हिवाळ्यात दुपारी फौजदार एक पोतं घेऊन आले. ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाला पावसाळ्यात दरड कोसळली होती. ती उपसताना रेल्वेच्या मजुरांना हाडं सापडली होती.

"माणूस की जनावर, एवढं सांगा," फौजदार म्हणाले.

"माणूस आहे," मी पोत्यात हात घालूनच म्हणालो. "बाकीचं सांगायला तीन दिवस लागतील."

मागच्या पडवीत चादर अंथरून मी एकेक हाड धुऊन मांडू लागलो. समोर वालाची शेतं होती, त्यांच्यावर ऊन सांडलेलं. हाडांना ओल्या मातीचा वास होता, आणखी कसलाच नाही. ते तीन दिवस मला पाण्याखालून आठवावेत तसे आठवतात. कंबर पसरट, म्हणजे बाई. अक्कलदाढा आलेल्या, पण झिजलेल्या नाहीत, म्हणजे वय तिशीच्या आत. डाव्या हाताची दोन्ही हाडं कोपराखाली लहानपणी कधी तरी मोडून वाकडी जुळली होती. मी नकळत माझा डावा हात तसा वाकवून बसायचो. तिनं पाण्याची कळशी कुठल्या काखेत धरली असेल, असं काहीबाही डोक्यात येत राहायचं.

तिसऱ्या दिवशी फौजदारांनी सांगितलं, वरच्या वाडीतली एक बाई सात पावसाळ्यांपूर्वी नाहीशी झाली होती. रानभाजीला गेली ती परत आली नाही. कड्याच्या टोकाला नुसती टोपली सापडली, असं नवरा म्हणत होता. वाडीत मात्र बोललं जायचं की त्यानंच कोयता घातला.

फौजदारांनी नवऱ्याला आणि बाईच्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. दोघं एकाच वाटेनं आली, पण एकमेकांपासून पन्नास पावलं अंतर ठेवून. सात वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

बहीण चादरीपाशी बसली. आधी हात लावेना. मग तिनं ते वाकडं हाड उचललं आणि अंगठ्यानं त्याच्यावरचं टेंगूळ चाचपलं.

"उंबरावरनं पडली व्हती," ती म्हणाली. "आयनं बांबूच्या कामट्या बांधल्या. मीच धरून बसले व्हते तिला. ही माजीच बाय हाय."

नवरा पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

"आता कोयत्याचं बोला," फौजदार म्हणाले.

मी कवटी फिरवून दाखवली. तिच्यावर कुठंही धारेचा घाव नव्हता. मानेच्या मणक्यांवर नव्हता, हातांवर नव्हता. काही हाडं दरडीत नव्यानं मोडली होती, त्यांच्या कडा आतून पांढऱ्या होत्या. पण दोन्ही टाचा चेचल्या होत्या आणि कंबरेचे दोन मणके दबले होते. त्या मोडलेल्या कडांत मातीचा रंग खोल मुरला होता, बाकीच्या हाडाइतकाच.

"हे जुनं आहे," मी म्हणालो. "ती उंचावरून पडली आणि पायांवर आदळली."

"कुणी ढकललं नसेल कशावरून?"

"ते हाडांवरून कळत नाही. कोयत्याची खूण नाही, एवढं मी लिहून देतो."

बहिणीनं एक टाच तळहातावर घेतली. शेताकडून वारा आला, चादरीचं टोक हललं. मग ती उठली, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती त्याच्या अंगावर धावून जाणार.

"दाजी," ती म्हणाली, "सकाळधरनं पानी तरी पिलास का रं?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्या माठातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. तो प्यायला लागला, आणि पिता पिता त्याचे खांदे गदगदू लागले.

माझ्या अहवालावर अपघाताची नोंद होऊन प्रकरण मिटलं. हाडं मी त्याच चादरीत बांधून दिली. संध्याकाळच्या आत ती दोघं बांधावरून निघाली. गाठोडं आळीपाळीनं एकमेकांकडे देत होती.

नवरा त्यानंतर एकदाच दवाखान्यात आला, दाढ काढायला. दाढ निघाली, त्यानं गालात कापूस दाबून धरला आणि दारापर्यंत जाऊन तो थांबला.

"डागदर, तिला लय वेळ दुखलं असंल का?"

मला ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "लगेच गेली."

"बरं," तो म्हणाला, आणि उन्हात पायऱ्या उतरून गेला.